२३.९७६, २४ की २५? फ्रेम रेट, फील्ड आणि टाइमकोड यांच्या गुंत्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोल्हापूर भागातील तालमींवर बावन्न मिनिटांचा माहितीपट केला आहे. मुलाखती मिररलेस कॅमेऱ्यावर ‘२४ पी’ ठेवून घेतल्या, जत्रेतल्या कुस्त्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर सेकंदाला ५० फ्रेमने टिपल्या, काही प्रसंग मोबाइलवर घेतले आणि मुलाखतींचा आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवर मुद्रित केला. संकलन सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या टाइमलाइनवर चालू आहे. वाहिनीच्या तांत्रिक पत्रकात मात्र ‘१०८० आय ५०, अप्पर फील्ड फर्स्ट’ असे आहे (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र), एका महोत्सवाला २४ फ्रेमची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, हवी आहे, आणि लांब मुलाखतींमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटू लागले आहेत. यांपैकी बरोबर आकडा कोणता, आणि टाइमकोडचा ‘ड्रॉप फ्रेम’ हा पर्याय चालू ठेवायचा की बंद, असे तुम्ही विचारले आहे.

‘बरोबर आकडा’ शोधणे हा माझ्या मते इथला खरा प्रश्न नाही. कॅमेऱ्याने सेकंदाला किती चित्रे टिपली, टाइमलाइन किती चित्रांची आहे, वाहिनीला फाइल कोणत्या स्वरूपात द्यायची आहे आणि त्या चित्रांना क्रमांक कोणत्या पद्धतीने दिले आहेत, या चार वेगवेगळ्या बाबी आहेत. त्या सगळ्या एकाच मेनूमध्ये शेजारी शेजारी दिसतात, म्हणून आपण एकीचे उत्तर दुसरीला चिकटवतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या बहुतेक कामांत चित्रीकरण वाईट नसते. मध्येच कोणीतरी यांतील दोन बाबी एकच समजून एखादा पर्याय बदललेला असतो.

आधी हे आकडे कुठून आले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावरूनच कोणता कुठे चालतो ते कळते. मूकपटांच्या काळी गती कमीजास्त असे. बोलपट आल्यावर आवाजासाठी ती स्थिर ठेवणे भाग पडले आणि चित्रपटगृहात २४ हा आकडा रूढ झाला. दूरचित्रवाणीची गती विजेच्या वारंवारितेवरून ठरली. युरोपात आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ५० फील्ड, म्हणजेच २५ फ्रेम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून ३० फ्रेम. तिथे १९५३ साली कृष्णधवल प्रक्षेपणात रंगाचा संकेत बसवताना त्याचा आणि ध्वनीच्या संकेताचा एकमेकांना अडथळा होऊ नये म्हणून ही गती एक हजार एकाव्या भागाने, म्हणजे सुमारे ०.१ टक्क्याने, कमी केली गेली. ३० चे २९.९७ झाले, आणि पुढे त्या व्यवस्थेशी जुळावे म्हणून २४ चे २३.९७६. आपल्या पॅल या दूरचित्रवाणी पद्धतीत ही तडजोड कधीच करावी लागली नाही; आपला २५ हा पुरा २५ आहे. म्हणूनच भारतातील वाहिनीसाठी काम करताना दशांशवाला कोणताही आकडा दिसला, की तो कुठून शिरला हे मी आधी शोधतो.

तुमच्या बाबतीत तो कॅमेऱ्याच्या मेनूतून शिरला आहे. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत पॅल आणि एनटीएससी (अमेरिकेतील पद्धत) असा एक पर्याय असतो. एनटीएससी निवडल्यावर जे ‘२४ पी’ दिसते ते प्रत्यक्षात २३.९७६ असते, ‘३० पी’ म्हणजे २९.९७ आणि ‘६० पी’ म्हणजे ५९.९४. पॅल निवडल्यास त्याच जागी २५ आणि ५० येतात. मेनूत काय लिहिले आहे यापेक्षा क्लिपच्या तपशिलात संकलनाचे सॉफ्टवेअर काय दाखवते त्यावर विश्वास ठेवावा. तुमच्या पहिल्या कॅमेऱ्याच्या सर्व क्लिप्स तिथे २३.९७६ दिसतील आणि दुसऱ्याच्या ५०, असा माझा अंदाज आहे.

आता आवाज सुटण्याकडे वळू, कारण तिथे नेमके निदान करता येते. निव्वळ फ्रेम रेट वेगळा आहे म्हणून आवाज सुटत नाही, हे आधी लक्षात घ्या. २३.९७६ ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकली, तर सॉफ्टवेअर क्लिपची लांबी तीच ठेवते आणि कमी पडणाऱ्या फ्रेम पुन्हा दाखवून जागा भरते. चित्र किंचित अडखळेल, पण दहाव्या मिनिटालाही ओठ जुळतील. आवाज सुटतो तो कोणीतरी क्लिपची गतीच बदलल्यावर, म्हणजे ‘ही क्लिप २३.९७६ ची नसून २४ ची आहे असे समज’ असे सॉफ्टवेअरला सांगितल्यावर. रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे क्लिपच्या गुणधर्मांत होते, प्रीमियरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज क्लिपबरोबरच बदलत असल्यामुळे तो जुळलेला दिसतो आणि संशय येत नाही. रेकॉर्डरवरचा आवाज मात्र खऱ्या घड्याळाप्रमाणे चालत राहतो.

नेमके काय घडले आहे हे ओळखण्यासाठी एक सलग, निदान दहा मिनिटांची मुलाखत घ्या. सुरुवातीच्या क्लॅपवर चित्र आणि आवाज फ्रेमला फ्रेम जुळवा आणि शेवटी किती फरक पडतो ते मोजा. शेवटी क्लॅप दिलेला नसेल तर ‘प’, ‘ब’, ‘म’ या ओठ मिटणाऱ्या अक्षरांपैकी एखादे शोधा. ‘पैलवान’ या शब्दाची तुमच्या मुलाखतींत वाण नसावी. दहा मिनिटांत सुमारे ०.६ सेकंदाचा, म्हणजे २५ च्या मोजणीने १५ फ्रेमचा फरक आला आणि तो पाचव्या मिनिटाला बरोबर निम्मा असला, तर हा वर सांगितलेल्या ०.१ टक्क्याचा घोळ आहे : २३.९७६ ला २४ समजले गेले आहे. फरक दहा मिनिटांत २४ सेकंदांच्या आसपास असेल, तर २४ ला २५ समजले गेले आहे, आणि तो पहिल्याच मिनिटात डोळ्यांवर येतो. फरक अगदी थोडा, तासाला दोन-चार फ्रेम इतकाच असेल, तर कुणाचीच चूक नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या आतील स्फटिकांच्या घड्याळांत तेवढा फरक पडतोच, आणि एखाद्या विरामात कट घेऊन तो मिटवता येतो. फरक कधी वाढतो, कधी कमी होतो, असे दिसले तर ती क्लिप मोबाइलची आहे. मोबाइल प्रकाशानुसार आणि प्रोसेसरवरच्या ताणानुसार स्वतःची गती बदलत राहतो. तशा क्लिप्स संकलनात घेण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या साधनाने स्थिर गतीच्या करून घ्याव्यात, आणि ते करताना लक्ष्य गती २५ द्यावी.

तुम्ही ‘हळूहळू’ सुटतात असे लिहिले आहे, त्यामुळे पहिली शक्यता मला सर्वाधिक वाटते. ती असेल तर क्लिपचे गुणधर्म पुन्हा मूळ २३.९७६ वर आणा आणि जुळणी नव्याने तपासा. आवाजाची फाइल ताणून किंवा आवळून ओठांना बसवण्याचा मोह टाळा. त्याने लक्षण झाकले जाते, आणि महोत्सवाची प्रत काढताना तोच घोळ दुप्पट होऊन समोर येतो.

टाइमलाइन कोणती असावी याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. करार चित्रपटगृहासाठी असेल तर मी २४ घेतो. मोठे स्ट्रीमिंग मंच सामान्यतः चित्रीकरणाचीच मूळ गती मागतात, तिथे २३.९७६ ला हरकत नाही. पण तुमचा करार वाहिनीशी आहे, महोत्सव ही पुढची गोष्ट आहे, आणि कुस्त्या ५० फ्रेमने टिपलेल्या आहेत. या तिन्ही गोष्टी २५ कडे बोट दाखवतात. ५० मधून २५ काढताना एक सोडून एक फ्रेम घेतली की हालचाल स्वच्छ राहते. ५० मधून २३.९७६ काढताना कधी दोन तर कधी तीन फ्रेमची उडी पडते, आणि धोबीपछाडीसारखा डाव त्यात तुटक दिसतो. संथ गती हवी असेल तिथे तीच क्लिप २५ समजून लावली की निम्मी गती आपोआप मिळते.

तुमचे संकलन पुढे गेले आहे, तेव्हा आहे ती २३.९७६ ची पूर्ण टाइमलाइनच २५ ने चालवून का देऊ नये, असा प्रश्न येईल. चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवताना आपल्याकडे हे पूर्वापार होत आले आहे आणि चित्रापुरते ते निर्दोषही असते, कारण एकही फ्रेम गाळली वा दुबार केली जात नाही. अडचण लांबीची आहे. बावन्न मिनिटांच्या टाइमलाइनवर ७४,८८० फ्रेम आहेत. त्या २५ च्या गतीने चालवल्या की कार्यक्रम ४९ मिनिटे ५५ सेकंदांचा होतो. वाहिनीने बावन्न मिनिटांचा वेळ राखून ठेवला असेल तर ही दोन मिनिटे भरायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय कुस्त्यांच्या ५० फ्रेमपैकी कोणत्या ठेवायच्या ही निवड त्या टाइमलाइनवर आधीच झालेली आहे, ती तशीच राहील.

म्हणून तुमच्या जागी मी २५ ची नवी टाइमलाइन करून संकलन एक्सएमएलने (कटांची माहिती नेणाऱ्या फाइलने) तिच्यावर आणीन आणि प्रत्येक कट डोळ्यांखालून घालीन, कारण जागा जवळच्या फ्रेमवर सरकतात आणि कुठे एखादी फ्रेम नको त्या शॉटची येऊ शकते. त्यानंतर २३.९७६ च्या फुटेजला सरसकट एकच उपाय न लावता त्याचे तीन गट करीन.

पहिला गट तिकाटण्यावर घेतलेल्या मुलाखतींचा. यांची गती बदलू नका. सेकंदाला साधारण एक फ्रेम दुबार दिसेल, पण वस्ताद खुर्चीत बसून बोलत असताना ती कुणाच्याही लक्षात येत नाही. दुसरा गट आवाजाची जुळणी नसलेल्या दृश्यांचा : आखाड्याची लाल माती उकरणे, जोर-बैठका, सकाळचा रस्ता, आणि विशेषतः सर्व पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवलेले शॉट. या क्लिप्स २५ च्या आहेत असे सॉफ्टवेअरला सांगा. त्या सुमारे सव्वाचार टक्के वेगाने चालतील, ते कळणार नाही, आणि प्रत्येक फ्रेम मूळची राहील. दुबार फ्रेम सर्वांत जास्त खटकते ती पॅनमध्ये, तेही मागे उभी रेघ असेल तेव्हा. तालमीच्या खांबावरून कॅमेरा फिरतो ते दृश्य दोन्ही प्रकारे लावून पाहा, म्हणजे फरक स्वतःच दिसेल.

तिसरा गट थोडा नाजूक आहे : हालचालही आहे आणि जुळलेला आवाजही आहे, उदाहरणार्थ हलगीवाल्याचा हात जवळून दिसतो तो शॉट. तिथे आधी मूळ गतीवर चित्र आणि आवाज जुळवा, दोन्ही एकत्र बांधा, आणि मग दोन्हींची गती २५ च्या हिशेबाने वाढवा. आवाजाची पट्टी पाऊण सुराइतकी नव्हे, त्याहून कमी, साधारण पाऊण अर्धस्वराइतकी वर जाते. पट्टी जागेवर ठेवणारे जे ताणण्याचे साधन असते ते हलगीवर वापरू नका. थापेची धार त्यात बोथट होते, आणि हलगीत धार हेच सर्वस्व आहे. हलगीवाले चामडे शेकून पट्टी चढवतच असतात, त्यामुळे एवढ्या फरकाने ती खोटी वाटत नाही. मध्ये नव्या फ्रेम रचणारा ‘ऑप्टिकल फ्लो’ हा पर्याय कुस्तीवर चुकूनही लावू नका. दोन पैलवानांचे हातपाय एकमेकांत गुंतलेले असतात, कोणता पंजा कुणाचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि बोटे वितळल्यासारखी दिसतात.

‘१०८० आय ५०’ हा शब्दप्रयोग पाहून बरेच जण घाबरतात आणि टाइमलाइनच ५० ची करतात. त्याची गरज नाही. याचा अर्थ सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे २५ पूर्ण फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमच्या सम-विषम ओळी दोन फील्डमध्ये विभागलेल्या. तुमची टाइमलाइन २५ प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेमची, असेल तर दोन्ही फील्ड एकाच क्षणाच्या असतात आणि चित्र जसेच्या तसे पोहोचते. फक्त एक्सपोर्ट करताना इंटरलेस्ड (फील्डमध्ये विभागलेले) आणि अप्पर फील्ड फर्स्ट निवडायचे. फील्डचा क्रम उलटा गेला तर टीव्हीवर हालचाल पुढे-मागे थरथरते, आणि संगणकाच्या पडद्यावर हे सहसा दिसत नाही. जुन्या डीव्ही कॅमेऱ्यांचे फुटेज लोअर फील्ड फर्स्ट असते. एखाद्या वस्तादांकडून त्यांच्या जुन्या कुस्तीची तशी कॅसेट मिळाली असेल, तर ती टाइमलाइनवर घेताना हा क्रम आवर्जून तपासा. कुस्त्या थेट प्रक्षेपणासारख्या अतिप्रवाही दिसाव्यात असे वाटत असेल तर ५० फ्रेममधून दोन वेगळ्या क्षणांच्या फील्ड काढता येतात. पण त्याच माहितीपटात मुलाखती २५ च्या पोताच्या आणि कुस्त्या सामन्याच्या प्रक्षेपणासारख्या दिसतील; मला स्वतःला ते रुचत नाही.

‘ड्रॉप फ्रेम’चे उत्तर सर्वांत सोपे आहे. टाइमकोड म्हणजे फ्रेमला दिलेला क्रमांक, आणि ड्रॉप फ्रेममध्ये गाळले जातात ते क्रमांक. चित्र एकही गाळले जात नाही. २९.९७ ची गती ३० च्या हिशेबाने मोजली की तासाभरात मोजणी घड्याळापेक्षा ३.६ सेकंद मागे पडते. ती जुळावी म्हणून दर मिनिटाच्या सुरुवातीचे दोन क्रमांक वगळतात आणि प्रत्येक दहाव्या मिनिटाला मात्र वगळत नाहीत. असे तासाला १०८ क्रमांक होतात. २५ मध्ये तासाला बरोबर ९०,००० फ्रेम असतात, घड्याळ आणि मोजणी एकच, त्यामुळे तिथे हा पर्यायच उरत नाही. २३.९७६ लाही ड्रॉप फ्रेम नसते, आणि त्याचा एक परिणाम तुम्हाला ठाऊक असावा : तुमच्या आताच्या टाइमलाइनवर जे ५२:००:०० दिसते ते प्रत्यक्षात ५२ मिनिटे ३ सेकंद आहे. जाहिरातींच्या जागा सेकंदावर बांधलेल्या असतात, त्यामुळे एवढ्या फरकाने फाइल तपासणीतून परत येऊ शकते. नवी टाइमलाइन २५ ची झाली की हा प्रश्न राहणार नाही. कार्यक्रमाचे पहिले चित्र कोणत्या टाइमकोडवर हवे ते वाहिनीच्या पत्रकात पाहा. बहुधा एक तासावर, म्हणजे ०१:००:००:०० वर मागतात, आणि त्याआधी कलर बार आणि टोन (चित्र व आवाज तपासण्याच्या खुणा) हवेत की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

महोत्सवाच्या डीसीपीसाठी २५ ची मुख्य प्रत तयार झाल्यावर दोन मार्ग आहेत. २५ फ्रेमचीच डीसीपी करता येते. नव्या एसएमपीटीई प्रकारात तिला मान्यता आहे आणि आजचे बहुतेक सर्व्हर ती चालवतात, जुन्या इंटरऑप प्रकारात मात्र २४ धरूनच चालावे. महोत्सवाने २४ स्पष्ट लिहिले आहे, तरी २५ ची एसएमपीटीई डीसीपी चालेल का असे एका ओळीत विचारून पाहा. नकार आला तर संपूर्ण माहितीपट २५ वरून २४ वर संथ करावा. बावन्न मिनिटांचे ५४ मिनिटे १० सेकंद होतील, आणि महोत्सवाच्या अर्जात हीच लांबी लिहावी. आवाज चित्राबरोबर संथ होऊन पट्टी थोडी खाली येईल. मुलाखतींमध्ये हा फरक त्या माणसाच्या घरच्यांखेरीज सहसा कुणाला जाणवत नाही. ज्या दृश्यांची गती तुम्ही २४ वरून २५ केली होती, ती इथे जवळजवळ मूळ गतीवर परत येतात, हा एक अनपेक्षित फायदा. एक फ्रेम गाळून २५ चे २४ करण्याचा तिसरा मार्गही आहे, पण मोठ्या पडद्यावर दर सेकंदाला एक झटका बसतो.

पुढच्या चित्रीकरणासाठी एवढेच सांगतो. वाहिनीचे काम असेल तर सर्व कॅमेरे पॅलवर, २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवा आणि २५ च्या कॅमेऱ्यांचे शटर १/५० करा. आपल्याकडे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि १/५० सेकंदात त्यांचे बरोबर दोन ठोके मावतात, म्हणून तालमीतल्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडत नाही. २४ वर काम करायचे असेल तर १८० अंशांऐवजी १७२.८ अंशांचे शटर ठेवले की तोच १/५० मिळतो. तुमच्या मोबाइलच्या क्लिप्समध्ये आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर त्याचे कारण स्वयंचलित शटर हेच आहे. ते संकलनात पूर्ण जात नाहीत. जत्रेत रात्रीचे फड जनरेटरवर असतात. भार वाढला की इंजिनाचा वेग बदलतो, वारंवारिता पन्नासवर स्थिर राहत नाही आणि १/५० वरही मेटल हॅलाइडचे दिवे मंदपणे श्वास घेतल्यासारखे दिसू शकतात. तिथे चित्रीकरणापूर्वी मिनिटभराचा नमुना घेऊन तो तिथेच मोठ्या मॉनिटरवर पाहा.

आता लगेच करायचे ते असे : क्लिपचे गुणधर्म मूळ स्थितीत आणून एका मुलाखतीचा फरक मोजा, २५ ची टाइमलाइन करा, आणि खांबावरचा पॅन, एक वेगवान डाव व हलगीचा शॉट असलेला एखाद्या मिनिटाचा तुकडा पत्रकाप्रमाणे एक्सपोर्ट करून वाहिनीच्या तांत्रिक विभागाकडे तपासणीसाठी पाठवा. तो पास झाल्याशिवाय पूर्ण माहितीपटाचे रेंडर लावू नका. मोजलेला फरक मी दिलेल्या चार प्रकारांपैकी कशातच बसत नसेल, तर क्लिपचा आणि ध्वनीच्या फाइलचा तपशील इथे लिहा, रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (ध्वनीचे सेकंदाला घेतलेले नमुने) ४४.१ किलोहर्ट्‌झवर राहिला होता का, हे मी त्यात पहिल्यांदा पाहीन.